सातव्या वळणाखाली

मुकादमाचा फायदा होता दोन रविवारांचा. जास्त नाही, कमी नाही. तेही अख्खे नव्हेत, सकाळी सात ते बारा. एवढ्याशा फायद्यासाठी माणूस काय काय पुरून टाकतो ते मी फार जवळून पाहिले आहे, कारण पुरलेल्यावरची माती ठोकून घट्ट बसवणे हेच माझे काम.

मित्रांनो, मी एक जुना धुम्मस आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी ओंडका, कंबरेला लोखंडी पट्टा, डोक्यातून वर निघालेला छातीएवढा दांडा आणि त्याला आडवी मूठ. मला दोन्ही हातांनी उचलायचे आणि सोडून द्यायचे. खालची माती बसते. मला धार नाही, दात नाहीत, चाक नाही. कुदळ, पहार, फावडे ही मंडळी जमीन उघडतात. मी ती बंद करतो. म्हणून कोणत्या जमिनीच्या पोटात काय आहे, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

माझा मुक्काम शहराच्या कडेला असलेल्या एका उद्यानात, बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत. उद्यानामागे टेकडी आहे आणि टेकडीवरून उतरणारी सायकलींसाठीची मातीची वाट आहे. वळणे अकरा. पालिकेने ही वाट आखली, फीत कापली आणि विसरून गेली. पाण्याने दगड उघडे पडले, वळणांचे बांध वाहून गेले, आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी कोपर सोलून घरी जाऊ लागले. तेव्हा चारपाच माणसे आपणहून पुढे आली. दर रविवारी यायचे, वाट दुरुस्त करायची, घामाने निथळायचे आणि घरी जाऊन पाठ धरली म्हणून कुरकुरायचे. पगार नाही, शाबासकी नाही. माणसे अशी का वागतात हे मला अजून उमगलेले नाही, पण ती तशी वागत होती खरी.

त्यांचा म्होरक्या मुकादम. खरे तर तो पाणीखात्यात कारकून. आठवडाभर साहेब सांगेल त्याला मान डोलवायची आणि साठलेला सगळा हुकूम रविवारी टेकडीवर आणून ओतायचा, म्हणून हे नाव पडले. दुसरा होता दातांचा डॉक्टर. त्याच्या सायकलीची हवा दर रविवारी जायची, म्हणून त्याला सगळे पंक्चर म्हणत. त्याच्या दवाखान्याच्या पाटीवरचे नाव टेकडीवर कोणालाच आठवत नसे. तिसरे सुतारकाका. आणि चौथी त्यांची मुलगी. ती इस्पितळात नर्स होती. तिथले रोगी तिला ताई म्हणत, ते ऐकून इथेही सगळे ताईच म्हणू लागले, अगदी मुकादमसुद्धा, जो तिच्या बापाच्या वयाचा.

या मंडळींचा एक रिवाज होता, तो नीट लक्षात ठेवा. वळण बांधून झाले की ज्याने त्यावर शेवटचा ठोका मारला, त्याने सर्वांत आधी त्यावरून सायकलने उतरायचे. "आपण बांधलंय ना? मग आपणच आधी पडू," असे पंक्चर म्हणायचा, आणि आपल्या शब्दाला जागून तो पडायचाही. सुतारकाकांचा गुडघा धड नव्हता. ते सायकलीवर बसत नसत. म्हणून त्यांच्या वाटणीचे उतरणे ताईकडे आले. बापाने ठोकायचे आणि लेकीने उतरायचे. काका ठोकत असताना त्यांच्या हातांत जी भीती असायची, ती मला मुठीतून कळायची. चांगली भीती ती. त्या भीतीनेच त्यांची वळणे टेकडीवर सर्वांत पक्की होती.

आता माझा जन्म सांगतो.

सातव्या वळणाच्या ऐन मधोमध एक झाड उभे होते. मोठे नव्हे, पण हट्टी. एका बाजूने खालपासून वरपर्यंत त्याला एक खोल खाच होती, जणू कोणी बोट ओढून नेले असावे. वाट त्याच्या पोटातून जात होती. दोघांपैकी एकाला हलणे भाग होते. रीतसर परवानगी आली आणि काकांनी करवत लावली. पडलेल्या झाडाचा सर्वांत खालचा, सर्वांत जड तुकडा त्यांनी खांद्यावर टाकून आपल्या कारखान्यात नेला. साल काढली, महिनाभर सावलीत सुकवला, पट्टा चढवला, दांडा बसवला. खाच मात्र ठेवली. "ही त्याची ओळख," ते म्हणाले. तो तुकडा म्हणजे मी.

माझा उरलेला भाग, म्हणजे जमिनीत मुळे रोवून बसलेला बुडखा, तिथेच राहिला. सगळी गोष्ट त्याची आहे.

मी सुकत होतो त्या महिन्यात बाकीची वळणे तयार होत होती. ज्या रविवारी मला पहिल्यांदा टेकडीवर आणले, त्या दिवशी काकांनी बुडख्याभोवती पहार टोचून पाहिली आणि मान हलवली.

"काढायला हवा हा. दगडांत बोटं घालून बसलाय."

"किती वेळ लागेल?" मुकादमाने विचारले.

"चौघं लागलो तर दोन रविवार."

मुकादमाने बोटे मोजली. महिनाअखेरीला उद्यानाचा अधिकारी वाट बघायला येणार होता. तोवर ती नीट दिसली नाही, तर टेकडीला कुंपण घालून टाकू, असे तो म्हणाला होता. हाताशी तीन रविवार उरले होते आणि आणखी दोन वळणे उघडी पडली होती.

"पुरून टाकू," मुकादम म्हणाला. "वरून बांध घालू. कोणाला कळतंय?"

"अरे, लाकूड पुरून त्यावर बांध घालत नाहीत. कुजतं ते. आत पोकळी होते."

"कधी?"

"पाच वर्षांनी. आठ वर्षांनी. काय सांगावं?"

"मग पुढच्या वर्षी काढू की! पळून थोडाच चाललाय तो?"

पंक्चर घमेल्यावर बसून टायरला ठिगळ लावत होता. तो म्हणाला, "माझे पेशंट असंच म्हणतात. दुखत नाही तोवर मूळ राहू दे, डॉक्टर. आणि मग येतात गाल धरून."

"तू तुझ्या खुर्चीत बसलेल्यांना सांग ते," मुकादम म्हणाला. "इथे फावडं धर."

सगळे हसले. काकाही हसले, आणि त्या हसण्यात त्यांचा होकार कधी निघून गेला ते त्यांनाही कळले नसावे. बुडख्यावर माती पडली. मग काकांनी मला उचलले.

माझ्या आयुष्यातला तो पहिला ठोका. मला वाटले होते की खाली परकी जमीन असेल. पण मातीखालून ज्याने उत्तर दिले तो मीच होतो. तीच नस, तीच खाच, तोच हट्ट. भिंतीपलीकडून आपल्याच माणसाने खाकरावे तसे वाटले. आणि मी त्याला ठोकून ठोकून आणखी खाली दाबत होतो.

ताई त्या दिवशी टेकडीवर नव्हती. इस्पितळात तिची पाळी होती. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा सातवे वळण तयार होते, बाहेरच्या अंगाला उंच तिरका बांध, वर हात फिरवावा अशी गुळगुळीत माती. काकांनी तिच्यासमोर शेवटचा ठोका मारला. ती वरून आली, सायकल तिरकी करून बांधावर चढली आणि आवाज न करता निघून गेली. खालून ओरडली, "बाबा, हे सगळ्यांत भारी झालंय!"

काका माझ्या मुठीवर रेलून उभे होते. ते पुन्हा बांधाची माती चाचपू लागले.

जाता जाता एक सांगून टाकतो. अधिकारी महिनाअखेरीला आलाच नाही. आला तो तीन आठवडे उशिरा. वाचवलेल्या त्या दोन रविवारी आमच्या मंडळींनी काय केले म्हणाल, तर झाडाखाली बसून त्याची वाट पाहिली.

पुढची वर्षे माझी भरभराटीची. वाट नावारूपाला आली. दूरच्या गल्ल्यांतून पोरे, बाया, पोट सुटलेले गृहस्थ सायकली घेऊन येऊ लागले. पंपाच्या खोलीत काकांनी भिंतीवर प्रत्येक अवजारासाठी खिळा ठोकला आणि त्या अवजाराभोवती पांढऱ्या रंगाने रेघ काढली. कुदळ नेली की मागे कुदळीचा पांढरा आकार उरायचा. कोण आणि काय परत आले नाही ते एका नजरेत कळायचे. माझे वजन खिळ्याला पेलवणारे नव्हते, म्हणून माझी रेघ फरशीवर काढली होती. एक गोल, त्याला एका बाजूने खाच. काम झाले की काका माझा तळ कापडाने पुसत, पट्ट्याला तेलाचे बोट लावत आणि मला त्या गोलात उभा करत. त्यांच्या तळहातांनी माझी आडवी मूठ दोन जागी झिजून खोलगट झाली होती. एवढी शाबासकी मला पुरे होती.

पण दर वर्षी पाऊस संपला की सातवे वळण थोडे खचायचे. पहिल्या वर्षी बोटभर, मग दोन बोटे, मग चार. काका इतरांच्या आधी येऊन तिथे माती भरत आणि मला उचलत. त्या वळणाला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. मंडळींना वाटे, म्हाताऱ्याचे लाडके वळण आहे. काही अंशी ते खरेही होते.

पाचव्या वर्षी बांधाच्या पायथ्याशी एक बारीक भोक पडले. त्यातून मुंग्या रांगेने बाहेर येत आणि तपकिरी भुकटी आणून टाकत. भुकटी कशाची, हे सुताराला सांगायला लागत नाही. काकांनी ती चिमटीत धरून वास घेतला. खालून ताईची घंटी ऐकू आली तेव्हा त्यांनी बुटाने ती पसरून टाकली. सहाव्या वर्षी बांधावर कुत्र्याच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या, बरोबर गोलाकार, आणि गोलाला एका बाजूने खाच. फरशीवरची माझी रेघच जणू कोणी टेकडीवर नेऊन काढली होती. काकांनी त्या एकेक करून उपटल्या आणि झुडपात फेकल्या.

आणि आवाज बदलत गेला. भरीव जमीन "धप्" म्हणते आणि गप्प बसते. सातवे वळण आता "धुम्म" म्हणू लागले. ठोका संपला तरी आत काहीतरी चालू राहायचे. खालचा माझा भाऊ म्हणा, माझे अर्धे अंग म्हणा, तो पूर्वी उत्तर द्यायचा. आता तो नुसता माझाच आवाज मला परत करायचा. पंपाच्या खोलीत भर दुपारी, फटींतून ऊन आत येत असताना, मी माझ्या गोलात उभा असायचो आणि मला वाटायचे की माझ्या तळाखालची फरशीही पोकळ झाली आहे.

काका मुकादमाला दर वर्षी आठवण द्यायचे. "सातव्यातलं काढू या रे." "पुढच्या वर्षी, नक्की." मुकादम खोटे बोलत नव्हता. दर वर्षी त्याला ते खरेच वाटायचे.

आठव्या वर्षी काकांच्या छातीत भुसा बोलू लागला. आयुष्यभर हुंगलेला लाकडाचा भुसा. टेकडी चढणे बंद झाले. एकदा मुकादम त्यांना हाताला धरून पंपाच्या खोलीपर्यंत घेऊन आला. काका पालथ्या बादलीवर बसले, दम खाल्ला आणि माझ्या मुठीवर हात ठेवला.

"सातव्यातलं काढून टाक," ते म्हणाले.

"तू बरा हो. दोघं मिळून काढू."

"मी होत नाही बरा. आणि मी नसलो की तिथे भरणारं कोणी नाही. पहार टोचून बघ, कोपरापर्यंत आत जाते."

"असं अभद्र बोलू नको रे."

"अभद्र कसलं? मोजून सांगतोय तुला."

"ताईच्या कानावर घालू का?"

"नको. आधी काढ, मग सांग. आठ वर्षं बाप तिला कशावरून उतरवत होता ते कळलं, तर..." त्यांना खोकला आला. खोकला ओसरल्यावर ते एवढेच म्हणाले, "शब्द दे."

मुकादमाने शब्द दिला. काका गेले ते त्यानंतर बावीस दिवसांनी.

आता मुकादमाचे मन बघा, मित्रांनो, कारण वाईट माणसे शोधायला निघालात तर या गोष्टीत तुम्हाला एकही सापडणार नाही. मित्र गेल्याचे त्याला खरेच फार लागले होते. त्याने ठरवले की सातव्या वळणाला काकांचे नाव द्यायचे, आणि एका रविवारी सगळ्यांनी मिळून त्यावरून उतरायचे. सर्वांना ते पटले. काकांच्या कारखान्यात एक जुने दार पडून होते. त्याचीच लांबरुंद पाटी करायची ठरली. मधे तीन रविवार होते. बुडखा काढायला तीन रविवार पुरेसे होते. पण बुडखा काढायचा म्हणजे वळण फोडायचे. ज्या वळणाला काकांचे नाव द्यायचे, काकांच्या हातचे लाडके वळण, त्यावरच कुदळ चालवायची? कोणाचा हात धजावणार? आणि फोडले तर ताई विचारणार, का फोडले? मुकादमाने तीनही रविवार दार घासले, अस्तर दिले, अक्षरे आखली, रंग भरला. फार सुंदर अक्षर आहे त्याचे. एका वळणाला वाचवायला त्याने स्वतःचा शब्द मोडला आणि ते करताना त्याचे डोळे भरून येत होते.

नाव द्यायच्या दिवशी सकाळी तो एकटाच लवकर आला. वळण खचले होते. त्याने माती भरली आणि मला उचलले. काकांच्या तळव्यांनी झिजवलेल्या खळग्यांत त्याचे हात बसेनात. दोनदा त्याने पकड बदलली, जणू तिथे आधीच कोणाचे तरी हात होते. पहिला ठोका पडला.

"धुम्म."

तो थांबला. पुन्हा सोडले. "धुम्म." मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्याने इकडेतिकडे पाहिले, मग पहार घेतली, बांधाला टेकवली आणि टोचलीच नाही. तशीच बाजूला ठेवली. कपाळाचा घाम पुसून त्याने मला भराभर वीसेक वेळा उचलले, आपटले आणि कडेच्या दगडाला टेकवून ठेवले. वरून वळण गुळगुळीत दिसत होते. अगदी काकांनी केल्यासारखे.

नऊ वाजता मंडळी जमली. पाटी उभी राहिली. रंग अजून चिकट होता; पंक्चरने पाटी सरळ करायला हात लावला आणि त्याचा पंजा कडेला उमटला. "घ्या," तो म्हणाला, "सही झाली माझी." लोक हसले.

"कोणी ठोकलंय?" ताईने विचारले.

"मी," मुकादम म्हणाला.

"म्हणजे रिवाजाप्रमाणे तुम्ही आधी."

मुकादमाची सायकल तिथेच होती. तो वर्षातून एकदा बसायचा, ब्रेक दाबत दाबत, पाय टेकत टेकत. तो तसा उतरला असता तर बहुधा काहीच झाले नसते. झाले असते तर गुडघा खरचटला असता आणि सगळे कळले असते. त्याने सायकलकडे पाहिले.

"पण आज मी जाते," ताई म्हणाली. "बाबांचं वळण आहे. आजच्यापुरतं. चालेल ना?"

सांगायचे असते तर ती वेळ होती. सगळी माणसे त्याच्याकडे बघत होती, पाटी त्याच्याकडे बघत होती, मी दगडाला टेकून त्याच्याकडे बघत होतो.

"हळू उतर," मुकादम म्हणाला.

ताईला बापाच्या वळणावर हळू उतरायची सवय नव्हती. ती वरून आली तशी बांधावर चढली, आणि जिथे छत्र्या उगवल्या होत्या तिथे जमीन आत गेली. मोठा आवाज झाला नाही. अंड्याचे कवच दाबल्यासारखा झाला. पुढचे चाक अर्धे गडप झाले, सायकल जागीच थांबली आणि ताई थांबली नाही. तिचा डावा पाय दगडावर पडला, ज्या दगडाला मी टेकलो होतो त्याच्यावर.

मग कितीतरी वेळ मागचे चाक फिरण्याचा आवाज तेवढा येत होता. भगदाडातून तपकिरी भुकटी हवेत उडाली आणि सावकाश खाली बसली. पंक्चर सर्वांत आधी धावला. "कोणी हलवू नका तिला! काहीतरी सपाट आणा!" टेकडीवर सपाट असे एकच होते. त्यांनी पाटी खांबांवरून उपटली, ताईला त्यावर निजवले आणि चौघांनी खाली नेले. पुढचा डावा खांदा मुकादमाचा होता. रंग ओला होता, म्हणून सगळी अक्षरे तिच्या पाठीवर उलटी उमटली. बापाचे नाव पाठीवर उलटे घेऊन ती आपल्याच इस्पितळात रोगी म्हणून गेली.

मला त्या दिवशी कोणी खोलीत नेले नाही. सात आठवडे मी त्या भगदाडाजवळ उभा होतो. फरशीवरचा माझा गोल रिकामा होता, आणि हे पहिल्यांदाच कोणाच्या लक्षात आले नाही, कारण लक्ष ठेवणारा गेला होता.

सात आठवड्यांनी मंडळी बुडखा काढायला आली. ताई कुबड्या घेऊन आली आणि पालथ्या बादलीवर बसली. सगळ्यांनी नको म्हटले तरी. मुकादमाने पहिली कुदळ मारली. दोन रविवारांचे काम, असे काकांनी आठ वर्षांपूर्वी सांगितले होते. आता बुडखा कुजून मऊ झाला होता. साडेआठला सुरुवात केली आणि साडेदहाला तो खड्ड्याबाहेर होता. अर्धी सकाळ. कडेची पातळ चकती शाबूत होती. आत कोणीतरी खरवडून नेल्यासारखे काहीच नव्हते. चकतीला एका बाजूने खाच होती, आणि वर काकांच्या करवतीच्या रेघा अजून मोजता येत होत्या.

"इकडे आणा तो धुम्मस," ताई म्हणाली.

पंक्चरने मला नेले. तिने मला फिरवून खाचेला खाच लावली आणि बुडख्यावर ठेवले. मी तंतोतंत बसलो. आठ वर्षांनी मी माझ्या मुळांवर उभा होतो आणि माझ्याखाली काही नव्हते.

"किती वर्षं माहीत होतं?" तिने विचारले.

मुकादम खड्ड्यातच उभा होता. "आठ."

"आणि बाबांना?"

मेलेल्या माणसावर ओझे टाकणे फार सोपे असते. ते तक्रार करत नाही. मुकादमाच्या ओठांशी ते आले होते, मी पाहिले. पण तो म्हणाला, "राहू दे असं मी म्हणालो. तो नको म्हणत होता. मी हसून त्याला गप्प केलं."

"मी ते नाही विचारलं. बाबांना माहीत होतं?"

"हो. तू उतरायचीस, म्हणून दर वर्षी स्वतः भरायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही."

ताई माझ्या मुठीवरच्या खळग्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला पडू द्यायचं नव्हतं, आणि सांगायचंही नव्हतं."



"शेवटी त्याने मला काढायला सांगितलं होतं," मुकादम म्हणाला. "शब्द घेतला होता. तीन रविवार होते माझ्याकडे." त्याने हातातली कुदळ खाली ठेवली. "मी पाटी रंगवली."

ताईने त्याला माफ केले का, असे तुम्ही विचाराल. मला ठाऊक नाही. ती त्याच्यावर ओरडली नाही आणि टेकडीवर यायचीही थांबली नाही. डावा गुडघा आता वाकत नाही. दिवसभर उभे राहून करायचे वॉर्डातले काम गेले. इस्पितळाने तिला खिडकीमागे खुर्ची दिली आहे, नावे लिहून घ्यायला. सायकल तिने पंक्चरला देऊन टाकली. त्याने पहिल्याच रविवारी तिची हवा घालवली.

सातवे वळण नव्याने बांधले, दगड आणि माती, दुसरे काही नाही. पाटी परत लावली नाही. आणि रिवाजात ताईने एक भर घातली. ठोकायला सुरुवात करण्याआधी मला तीनदा सोडायचे, आणि त्या वेळी सगळ्यांनी बोलणे बंद करून ऐकायचे. ढकलगाडी थांबते, फावडी थांबतात, पंक्चरचे विनोदसुद्धा थांबतात. इतकी वर्षे मी ठोकत आलो, पण माझे ऐकले जाते ते आता. सातव्यावर मात्र ठोकायचे मुकादमानेच आणि आधी उतरायचे मुकादमानेच. साठी ओलांडलेला तो माणूस ब्रेक दाबत, पाय टेकत वरून निघतो. ताई बांधापाशी काठी टेकून उभी असते आणि दर वेळी त्याला दोनच शब्द सांगते.

"हळू उतरा."

ते ऐकून त्याचा चेहरा कसा होतो ते मी रोज पाहावे असे मला वाटत नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. पट्टा सैल झाला आहे, तळाला चीर पडली आहे. माझे एकच मागणे आहे. अवजार वापरून झाले की पुसून जागेवर ठेवा, आणि ते हातात असताना काय सांगते ते ऐका. आम्हाला तोंड नाही, पण आम्ही गप्प नसतो. हाताखालची जमीन पोकळ वाजली, तर वरून आणखी माती टाकू नका. आणि जो त्यावरून जाणार आहे, त्याला सांगा.

राहिला हिशोब, तो करून टाकतो. दोन रविवार वाचले, ते मुकादमाचे. मुलीच्या नजरेतला मान वाचला, तो काकांचा, आणि तोही ते जाईपर्यंतच. अर्धी सकाळ खपली, ती सगळ्यांची. आणि पाय गेला तो, बुडखा पुरायचा ठरला त्या रविवारी जी टेकडीवर नव्हतीच, तिचा.